सात बोटं सावली

काठीनं बारा वर्षांत एकही चोर सोडला नव्हता, आणि मोतीराम गुरवाला त्याचा मोठा गर्व होता.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की शेजारची गावं हात झटकून मोकळी होतील. वरवट बकालच्या बाजारातून निघून सातपुडा डोळ्यांपुढं ठेवून चालत राहिलं की हे गाव लागे, एवढं पुरे. गावात देवीचं ठाणं, ठाण्यापुढं दगडी ओटा आणि देवळाच्या आढ्याला आडवी टांगलेली सात हात लांबीची वेळूची काठी. ज्याच्यावर चोरीचा आळ येईल त्यानं वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, बावीस जूनला, भर माध्यान्ही ओट्यावर उभं राहायचं आणि ती काठी सरळ धरायची. सरळ आहे की नाही ते गुरव गवंड्याचा ओळंबा लावून पाहणार. मोठ्या दिवशी सूर्य थेट डोक्यावर येतो असं गाव मानत होतं. म्हणजे सावली काठीच्या बुडातच जिरली पाहिजे. जिरली तर माणूस साव. दक्षिणेला, यमाच्या दिशेला, बाहेर पडली तर चोर. चोरानं दिवस मावळायच्या आत शीव ओलांडायची. लेकरंबाळं गावाची, ती मागं राहणार.

बारा वर्षांत पाच जण ओट्यावर उभे राहिले. पाचही चोर निघाले. पाचांतली तिसरी मोतीरामची बायको होती, सत्यभामा.

देवीच्या कोठीतली दोन पायली ज्वारी कमी भरली होती. कोठीची किल्ली गुरवाच्या घरी. आळ दुसऱ्या कोणावर येणार? सत्यभामा काठी धरून उभी राहिली आणि नवऱ्याकडं बघत म्हणाली, "मी नाई नेली." नवरा खाली बघत होता. त्यानं ओणवं होऊन सावलीवर बोटं ठेवली. सात भरली. तेच त्यानं मोठ्यानं सांगितलं, आवाज न कापता. पोर-बाळ नव्हतं, त्यामुळं मागं राहायला कोणी नव्हतं. ती माहेरी, जळगाव जामोदला गेली. नऊ वर्षं झाली. लोक म्हणाले, गुरव असावा तर असा. बायकोलासुद्धा सोडलं नाही. मोतीराम ते शब्द नऊ वर्षं अंगावर पांघरून झोपत आला होता.

त्या साली, म्हणजे विलायतेत लढाई पेटून वर्ष व्हायचं होतं तेव्हा, देवीचे चांदीचे डोळे गेले. देऊळ झाडायला होती कोकिळा, मळ्यातल्या मनकर्णाबाईची विधवा सून. बावीस वर्षांची, तोंडानं तिखट. दीड वर्षाची पोर अजून अंगावर पीत होती. पाटील पंजाबरावांनी पारावर बसून सांगून टाकलं, "मोठ्या दिवशी काठी धर. पोरीले सासूजवळ ठेवायची तयारी कर."

म्हणजे निकाल आधी आणि सुनावणी मागून. पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. मोतीरामच्याही नाही.

आता झालं काय, की काठीला वाळवी लागली. आदल्या दिवशी आढ्यावरून उतरवली तर बुडाचं पेर हातात भुगा होऊन आलं. मोतीरामनं सातपुड्यातून आलेला नवा वेळू घेतला, सात हात मोजून तोडला, तासला, तेल पाजलं. नवा वेळू सरळ आहे का ते बघायला हवं. काठी धरायला हाताशी कोणी नव्हतं. ओट्यात जत्रेचं निशाण रोवायचं भोक होतं, त्यात त्यानं काठी उभी केली, चार पाचरी ठोकल्या, ओळंबा लावला. दोरा काठीला चिकटून सरळ खाली आला. छान, म्हणाला, आणि घाम पुसायला कडुलिंबाखाली बसला. मृग कोरडा गेला होता, आभाळ भांड्यासारखं घासून ठेवलेलं. माध्यान्ह झाली. मोतीरामनं सहज ओट्याकडं पाहिलं.

सावली दक्षिणेला पडली होती.

तो उठला. जवळ गेला. ओळंबा पाहिला, सरळ. पाचरी पाहिल्या, घट्ट. गुडघे टेकून त्यानं सवयीनं बोटं ठेवली. एक, दोन, तीन. सात.

काठी कोणाच्याच हातात नव्हती.

मोतीराम तसाच ओणवा राहिला. दगड तापून तळहात भाजत होता तरी त्यानं हात उचलला नाही. मग त्याला वाटलं, आपण हात लावला म्हणून. आपल्याच हातानं रोवली, तेल आपण पाजलं, आपलंच काही पाप असेल. माणूस किती लबाड असतो बघा! देव खोटा म्हणायच्या आधी तो स्वतःला चोर म्हणायला तयार होतो, कारण त्यात कष्ट कमी. पण त्याच वेळी त्याची नजर देवळाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर गेली. भर दुपारी ती भिंत सावलीतच असणार, असं तो जन्मभर धरून चालला होता. आज तिच्यावर ऊन होतं. भर दुपारी, उत्तरेच्या भिंतीवर, वरपासून खालपर्यंत निसटतं पिवळं ऊन.

घशाला कोरड पडली म्हणून की पाय नेतील तिकडं गेला म्हणून, तो मनकर्णाबाईच्या मळ्यात पोचला. मोट नुकती सोडली होती. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी मनकर्णाबाई मुळे धूत होती. त्याला बघून तिनं मुळे टोपलीत आपटले.

"या, मोतीरामभाऊ. उद्याच्या आधीच आले मोजाले?"

"पाणी दे वं माय."

"घ्या. आमच्या हातचं चालते का? चोराचं घर हाये आमचं."

तो ओंजळ लावून प्यायला. मग विहिरीच्या काठावर जाऊन वाकून बघू लागला. आत उत्तरेच्या अंगाला पाण्यावर हातभर सावलीचा पट्टा होता, आणि दक्षिणेची भिंत तळापासून उजळली होती.

"मनकर्णाबाई, हे ऊन असं काऊन पडून राह्यलं? दक्षिणेच्या भिंतीवर?"

"कसं पडंल मंग? आर्द्रा निघून राह्यली ना." ती मुळे धूतच बोलत होती, जणू त्यानं पाणी ओलं का असतं असं विचारलं होतं. "रोहिणी निघाली की दुसऱ्या रोजी सूर्य बरोब्बर विहिरीत उतरते. मधोमध, डोळ्यातल्या बुबुळावानी. काठाची सावली कुठंच नाई राहत. मंग तो वर सातपुड्याकडं सरकते. आर्द्रेत सगळ्यात वर. मंग परततो. पुनर्वसू सरता सरता पुन्हा विहिरीत. सालात दोनदा. माह्या सासूनं दाखवलं मले, तिले तिच्या सासूनं."

"पण मोठ्या दिवशी तो डोक्यावर राहते म्हणतात."

"कोण म्हणते?"

"पाटील."

"पाटलानं कधी मोट हाकली का?" मनकर्णाबाई पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता थांबली. तिच्या हातातला मुळा पाण्यात पडला. "भाऊ," ती हळू म्हणाली, "तुम्ही हे काऊन विचारून राह्यले?"

मोतीराम विहिरीत बघतच राहिला. त्याला बाप आठवत होता. बापाच्या काळी काठी निघायची ती रोहिणीत, नक्षत्र निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. सालभर ज्याच्या त्याच्यावर आळ आले असतील ते सगळे रांगेनं उभे राहायचे आणि प्रत्येकाची सावली काठीच्या बुडात जिरायची. सगळे साव! मग गावजेवण. बापाच्या हयातीत काठीनं एकही चोर धरला नाही. पोरं टवाळी करायची, गुरवाची काठी आंधळी. बाप हसायचा. मरताना एवढंच म्हणाला होता, "काठी रोहिणीतच काढजो. भांडण पेरणीच्या आधी मिटलं पाहिजे. पेरणीले माणसं लागते."

मोतीरामला तेव्हा ते म्हाताऱ्याचं बरळणं वाटलं. आता विहिरीच्या काठावर त्याचा अर्थ लागला. बापाला ठाऊक होतं. आज्याला ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांना सोडणारा दिवस निवडून ठेवला होता. आणि आपण पाटलाच्या एका शब्दावर सगळ्यांना धरणारा दिवस घेतला.

पंजाबराव पाटील ओसरीवर पान लावत बसले होते. खामगावच्या इंग्रजी शाळेत चार यत्ता शिकलेला माणूस. गावात तेवढ्यावर राज्य चालत होतं. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच भूगोलाचं पुस्तक पारावर आणून सांगितलं होतं, की बावीस जूनला सूर्य डोक्यावर येतो, छापलेलं आहे, तुमचा बाप अडाणी म्हणून दिवस चुकला.

"पाटील, ते पुस्तक हाये का अजून?"

"आहे. काऊन?"

"त्यातलं ते वाचून दाखवा. सूर्याचं. सगळं वाचा, गाळू नका."

 पुस्तक आणायला पाटील उठले नाहीत. पानावर चुना फिरवत पाठ म्हटल्यासारखं म्हणाले, "बावीस जूनला सूर्य कर्कवृत्तावर डोक्यावर येतो."

"हे कर्कवृत्त कुठं हाये?"

"तिकडं वर. जबलपूरच्या थोडं वर."

"मंग आपल्या गावात?"

"आपल्या गावात नाही येत त्या दिवशी."

मोतीरामला वाटलं, पाटलालाही हे आत्ताच, आपल्याबरोबरच कळलं. तो घाईनं म्हणाला, "म्हणजे चूक झाली, पाटील! तुमची आमची दोघांची. जबलपूर अन् वऱ्हाड एका प्रांतात घातले साहेबानं, म्हणून सूर्य एक होते का? उद्या काठी नाई काढायची. लोकाईले सांगू, पुस्तकात…"

"मले ठाऊक आहे, मोतीराम."

"काय ठाऊक हाये?"

"हेच. दहा सालं झाली. शाळा तपासायले एक मास्तर आला होता, त्यानं ओट्यापाशी उभं राहून सांगितलं मले. रोहिणीत अन् पुनर्वसूत सावली जाते, मोठ्या दिवशी नाही जात."

मोतीरामनं बोटांवर मोजलं. दहा सालं. सत्यभामेला जाऊन नऊ.

"दहा?" तो म्हणाला. "नऊ का दहा?"

"दहा."

पाटलांनी पान तोंडात टाकलं. आवाजात ना राग ना लाज. गाईच्या दुधाचा हिशेब सांगावा तसा तो माणूस बोलत होता. "तुह्या बापाची काठी सगळ्यांले सोडे. गावाले धाक कशाचा? आता पाहाय. बारा वर्षांत पाच गेले, पण पाचशे जण सरळ वागून राह्यले. कुलपं लावत नाहीत लोक. अन् तू कायले तोंड उघडतं? उद्या गावात बोललास की पहिला सवाल तुलेच विचारतील. बायकोच्या सावलीवर बोटं कोणी ठेवली होती बे?"

मोतीराम घरी आला. चूल पेटवली नाही. दावणीची गाय हंबरत राहिली. उजाडेपर्यंत तो उंबऱ्यावर आपला उजवा हात मांडीवर ठेवून बसला होता, दुसऱ्याचा हात असावा तसा.

दुसऱ्या दिवशी सारं गाव लोटलं. कडुलिंबाखाली पाटील खाटेवर, शेजारी त्यांची म्हातारी आई अन्नपूर्णाबाई. बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं. कोकिळा कडेवर पोर घेऊन आली. मनकर्णाबाईनं पोर घ्यायला हात पुढं केले, तर ती देईना.

"शेवटचं पाजून तरी दे वं," कोणीतरी बाई म्हणाली.

"शेवटचं तुह्या घरी पाज," कोकिळा म्हणाली. मग मोतीरामकडं वळली. "गुरवमामा, मी डोळे नाई नेले. अन् नेले असते तर आधी तुमच्या पाटलाच्या तोंडाले लावले असते, त्याले दिसत नाई म्हणून!"

बाप्ये हसले. पाटील हसले नाहीत. "काठी दे तिले," ते म्हणाले.

माध्यान्ह टिकते ती चिलीम पेटेपर्यंतच. मोतीरामनं काठी उचलली, कोकिळाच्या पुढं गेला, पण काठी तिला न देता तसाच पुढं निघून गेला. ओट्यातल्या भोकात काठी रोवली, पाचरी ठोकल्या, ओळंबा सोडला आणि दोन्ही हात वर करून चार पावलं मागं सरला.

"आता कोणाच्या हातात हाये?" तो म्हणाला. "या, पाहा. सावली कुठं पडून राह्यली?"

लोक पुढं झुकले. सावली दक्षिणेला होती.

"अबे, काठीच चोर निघाली!" उकंडराव तेली ओरडला. तो नेहमी आधी ओरडत असे आणि मग विचार करत असे. पण या खेपेला कोणी हसलं नाही. कोणाचं तरी लेकरू शिंकलं तेवढा आवाज झाला.

"काठी नवी आहे. बाटली असंल," पाटील म्हणाले.

"मंग तुम्ही धरा. तुम्ही तर साव हाये ना, पाटील? या, धरा."

पाटील खाटेवरून हलले नाहीत. हलली ती अन्नपूर्णाबाई. सत्तर वर्षांची बाई, गावात जिच्या शब्दाला देवीच्या खालोखाल मान. आपली आधाराची काठी टेकत ओट्यावर चढली आणि आपला सुरकुतलेला हात वेळूवर ठेवला. ओळंबा हलला नाही. सावलीही हलली नाही. मोतीराम ओणवा झाला.

"सात," तो म्हणाला. "मोठ्या बाई, तुमची सात. कोकिळा, ये इकडं, तुह्यी सात. उकंडराव, तुह्यी सात. देवी खाली उतरली तर तिची पण सातच भरतील! मोठ्या दिवशी सूर्य आपल्या गावावर येतच नाई. आपल्याले ओलांडून जबलपुराकडं जाते. हे बाया जाणते, मोट हाकणारा जाणते. माहा बाप जाणत होता. अन् पाटील दहा सालांपासून जाणते!"

अन्नपूर्णाबाईनं मान वळवली. "पंज्या, हे खरं हाये का?"

पाटील पायांतला जोडा नीट करत राहिले. त्यांच्या आईला तेवढं उत्तर पुरलं. ती ओट्यावर मटकन बसली.

कोणी पाटलाला मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. लोकांना राग आलाच नव्हता. ते भ्याले होते. बारा वर्षं ज्या पाच जणांवर थुंकले, ते पाचही एकदम समोर येऊन उभे राहिल्यासारखे लोक एकमेकांकडं बघत होते. दगड मारत शिवेपर्यंत कोण कोण गेलं होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. एकेक करून उठले आणि गेले. पाटील पुढं वीस वर्षं पाटीलच राहिले. पाटलांना काही होत नसतं. देवीचे डोळे कोणी नेले तेही कधी कळलं नाही. कोकिळा मात्र तशीच पोर कडेवर घेऊन मळ्यात गेली आणि कांद्याला पाणी द्यायला लागली, जसं काही हे दुसऱ्याच कोणाच्या घरचं लग्न होतं.

मोतीरामनं काठी भोकातून उपटली, खांद्यावर टाकली आणि रातोरात जळगाव जामोदची वाट धरली.

सत्यभामा भावाच्या अंगणात पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत बसली होती. गुरवाची लेक, गुरवाची बायको. पत्रावळींचं हे गुरवाचं काम हातांतून सुटलं नव्हतं. केस पिकले होते. तिनं त्याला ओळखलं, काठी कसली तेही ओळखलं, आणि हातातली पत्रावळ पुरी टाचून झाल्यावरच खाली ठेवली.

मोतीरामनं सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, धापा टाकत. विहीर, रोहिणी, जबलपूर, पाटील, दहा सालं, सात बोटं. काठीनंच सिद्ध केलं, तू साव होतीस, म्हणाला. रडतही होता. आता ती रडेल, शिव्या देईल, निदान दोन तोंडात मारेल, असं त्याला वाटत होतं. त्याची तयारी होती. त्याच्यासाठीच तर तो रात्रभर चालला होता.

सत्यभामा सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "काठीनं सांगितलं म्हणून मी चोर. नऊ सालं. आता काठीनंच सांगितलं म्हणून मी साव."

"हो," मोतीराम म्हणाला. "हाव. तेच सांगाले आलो."

"अन् मी ओट्यावरून सांगितलं होतं ते? मी नाई नेली म्हणून?"

मोतीरामनं काठी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सोळा सालं नांदली मी तुमच्या घरी. देवीचा नैवेद्य झाल्याबिगर घास नाई घेतला. त्यातलं तुमच्या ध्यानात काहीच नाई आलं का? आजही नाई? आजही तुमची बायको चोर नाई, हे तुमाले सूर्यानं येऊन सांगावं लागलं?"

 सूर्य कुठं असतो, कुठून कुठं सरकतो, ते सगळं त्याला आता पाठ होतं. ही बाई कशी आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं तिच्या हातचं जेवून ठाऊक नव्हतं. ओट्यावर हात भाजला तेव्हा बसला नव्हता असा चटका त्याला आत्ता बसला.

सत्यभामा उठली. त्याच्या खांद्यावरची काठी तिनं काढून घेतली. अंगणाच्या कडेला दोडक्याचा वेल जमिनीवर लोळत होता. काठी तिनं मातीत रोवली, पायानं माती दाबली, वेलाचा शेंडा उचलून तिच्याभोवती एक वेढा दिला. ओळंबा नव्हता, काठी जरा वाकडीच बसली.

"बरं झालं आणली," ती म्हणाली. "वेलाले लागतच होती. पाणी प्या अन् जा."